हळदीच्या पेवातला विज्ञानपट : सांगलीतलं एक प्रकरण

सांगलीतल्या एका हौशी नाट्यगटातल्या मुलामुलींनी पन्नास मिनिटांचा विज्ञानपट केला. हाताशी चार लाखांच्या आत पैसे, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा कॅमेरा आणि डोक्यात हॉलिवूडचे गाजलेले अंतराळपट. मी त्यांच्याबरोबर आधी प्रकाशयोजनेसाठी होतो, नंतर संहितेच्या चर्चेतही ओढला गेलो. चित्रपट पूर्ण झाला, दाखवला गेला, त्याचा हिशेबही मिटला. पैसा नसताना मोठ्या चित्रपटाची नक्कल करायला निघालेल्यांनी त्यातलं नेमकं काय उचलावं, या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर या प्रकरणात मिळतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पहिली संहिता दूरच्या एका ग्रहावर घडत होती. काळ्या शिरस्त्राणातला सम्राट, त्याचं गोलाकार युद्धयान, प्रकाशाच्या तलवारी आणि पाणी लुटायला आलेली फौज. दिग्दर्शक विट्याचा, तिशीच्या आतला, इंजिनिअरिंग करून नाटकात आलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: "काका, लोकांना विज्ञानपट म्हणजे हेच माहीत आहे. हेच दाखवलं तर ते येतील." चूक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. जगभर कमी पैशांतले विज्ञानपट याच हिशेबावर निघाले आहेत.

त्यांनी आधी सहा-सात मिनिटांची चाचणीफीत केली आणि कॉलेजच्या मुलांना दाखवली. थर्माकोल आणि प्लायवूडची यानं आली तेव्हा कुणी हसलं नाही. सम्राट आत आला आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधीच अख्खा वर्ग हसला. त्यानंतर एक बाई घागरी मोजते असा साधा प्रसंग होता. तीन घागरी, घरात पाच माणसं, ती पुन्हा मोजते. तिथे वर्ग चिडीचूप बसला. मी मागे उभा राहून पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडेच बघत होतो. नाटकाच्या प्रकाशवाल्याला ती सवयच लागते.

घरी परतताना हेच डोक्यात घोळत होतं. मुलं हसली ती शिरस्त्राण स्वस्त होतं म्हणून नव्हे, त्यांनी ते ओळखलं म्हणून. ओळख पटली की मन लगेच मूळ चित्रपटाकडे धावतं, आणि तुलना सुरू झाली की चार लाखवाला हरलाच. 1977 साली आलेल्या 'स्टार वॉर्स'ला त्या काळात सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर लागले होते. त्या चित्रपटासाठी संगणकाच्या आज्ञेवर तीच हालचाल पुन्हा पुन्हा हुबेहूब करणारा कॅमेरा खास बनवून घेतला होता. त्याच मैदानात उतरून त्याच्याशी कुस्ती धरण्यात अर्थ नव्हता.

मग मी मुलांना 1980 सालचा 'बॅटल बियॉन्ड द स्टार्स' बघायला सांगितलं. निर्माता रॉजर कॉर्मन, दिग्दर्शक जिमी मुराकामी. कॉर्मनचा शिरस्ता असा, की एखाद्या मोठ्या चित्रपटाची लाट आली की तिच्यावर स्वार होणारा स्वस्त चित्रपट लगोलग काढायचा. 1975 सालच्या शार्कवरच्या 'जॉज'नंतर त्यानं 1978 मध्ये 'पिरान्हा' काढला, त्याची पटकथा जॉन सेल्सची. 'स्टार वॉर्स'च्या लाटेवर आलेल्या या अंतराळपटाची पटकथाही सेल्सचीच. खर्च साधारण 20 लाख डॉलर, म्हणजे कॉर्मनच्या मानानं चांगलाच मोठा, तरी 'स्टार वॉर्स'च्या पाचव्या हिश्श्याएवढाच.

या चित्रपटाकडे नुसती नक्कल म्हणून पाहणारे फसतात. त्यात दोन उसनवाऱ्या आहेत. वरची 'स्टार वॉर्स'ची: यानं, किरणांच्या बंदुका, ग्रहाचा तारा करून टाकणारं अस्त्र. खालची, सांगाड्यातली उसनवारी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 1954 सालच्या 'सेव्हन सामुराय'ची: दुबळं गाव, लुटारू, आणि गावासाठी गोळा केलेले भाडोत्री लढवय्ये. याच गोष्टीवरून हॉलिवूडनं 1960 साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला होता. त्यात काम केलेला रॉबर्ट वॉन कॉर्मनच्या अंतराळपटात जवळपास तशाच थकलेल्या मारेकऱ्याच्या भूमिकेत आहे. गोष्टीतल्या ग्रहाचं नाव अकिर. घेतलं कुणाकडून, हे चित्रपट लपवत नाही.

आता पैशाच्या बाजूनं बघा. वरची उसनवारी महाग आहे आणि नेमकी तीच कच्ची दिसते. सांगाडा फुकट आहे आणि चित्रपट उभा राहतो तो त्याच्याच जोरावर. सातांपैकी नेस्टर हे पात्र मला फार आवडतं. एकच मन वाटून घेतलेली पाच सारखी माणसं. पांढरा रंग, एकसारखे पांढरे कपडे, झालं परग्रहावरचं पात्र तयार. कल्पना मोठी, खर्च रंगपेटीचा. या चित्रपटाच्या यानांवर आणि सजावटीवर काम करणारा जेम्स कॅमेरॉन प्रतिकृती बनवणारा म्हणून आला होता आणि काम चालू असतानाच कलादिग्दर्शक झाला. संगीत जेम्स हॉर्नरचं, तोही तेव्हा नवखाच. चारच वर्षांनी, 1984 मध्ये, कॅमेरॉननं 'द टर्मिनेटर' केला, तोही हॉलिवूडच्या हिशेबात लहान खर्चातच.

याच्या उलट टोकाला 1982 सालचा तुर्की चित्रपट 'दुन्यायी कुर्तारान आदाम'. त्यात 'स्टार वॉर्स'ची दृश्यंच्या दृश्यं उचलून नायकाच्या पाठीमागे चालवली आहेत, संगीतही दुसऱ्या हॉलिवूडपटांमधून घेतलं आहे. आज जगभर लोक तो गंमत म्हणून बघतात. मला मात्र तो पाहताना वाईट वाटलं. चित्रण कप्पादोक्यात झालं आहे, जिथे दगडाचे सुळके आणि कोरलेली घरं परग्रहासारखी दिसतात. एवढी जमीन पायाखाली असताना आकाश दुसऱ्याचं कापून आणलं.

हे सगळं बोलत असताना आमची संहितालेखिका, मिरजेची, गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आपली जमीन कुठली?"

उत्तर हरिपुरात होतं. सांगलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली हळदीची पेवं आहेत. अरुंद तोंडाची, खाली रुंद होत जाणारी, तीन-चार पुरुष खोल कोठारं. हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं कीड न लागता राहते, कारण आत हवा खेळत नाही आणि असलेला प्राणवायूही सरत जातो. म्हणूनच पेव फोडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवतात, कंदील दोरीनं खाली सोडून बघतात. ज्योत विझली तर थांबायचं. 2005 च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं खचली, माल गेला, आणि व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला.

हळदीच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या एका हमालमामांनी आम्हाला हे सांगितलं. "पेवात घाई करायची न्हाई बाळा. खाली वारं मेलेलं आसतंय. माणूस उतरला की गप झोपल्यागत बसतोय, हाक बी मारत न्हाई." लेखिकेनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. अंतराळपटात यानाचं दार उघडण्याआधी बाहेरची हवा तपासतात, श्वास रोखून आकडा वाचतात. तो सगळा प्रसंग हरिपुरात कित्येक पिढ्या दोरी आणि कंदिलावर चालत आलेला आहे.

संहिता नव्यानं लिहिली गेली. ग्रह गेला, सम्राट गेला, तलवारी गेल्या. काळ भविष्यातलाच राहिला, गाव कृष्णाकाठचं झालं. महापुरांनी शेती धुऊन गेली आहे, शुद्ध बियाणं फक्त या गावाच्या जमिनीखालच्या कोठारांत उरलं आहे, ते लुटायला टोळी येणार आहे आणि गाव राखणदार गोळा करतं. सांगाडा सरळ कुरोसावाचा. राखणदार सात होते ते पाच केले. प्रत्येक माणसाला कपडे, जेवण, तालीम आणि ओळखीचा एक प्रसंग द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ पन्नास मिनिटांत नव्हता. पाचांतली एक बाई शेवटपर्यंत दिसत नाही. ती धरणाजवळच्या चौकीतून वायरलेसवर फक्त बोलते. तिचा आवाज एका निवृत्त शिक्षिकेचा आहे, आणि नेस्टरची पाच माणसं पाहून सुचलेली ही कल्पना चित्रपटातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जिवंत गोष्ट ठरली.

चित्रण खऱ्या पेवात करायचं नाही, हे मात्र मी आधीच ठणकावून सांगितलं. दिग्दर्शकाला पेवाचा मोह सुटत नव्हता. पण बंदिस्त जागेत माणूस उतरवायचा तर हवेत प्राणवायू किमान साडेएकोणीस टक्के लागतो, तो मोजायला यंत्र लागतं, बाहेर दोर धरून उभी माणसं लागतात, शिवाय कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो तो वेगळाच. ज्योत जळत राहिली म्हणजे जागा सुरक्षित, असंही नाही. पैसे वाचवताना माणसाच्या जिवाशी खेळ झाला तर त्या चित्रपटाला काही अर्थ उरत नाही, यावर माझं दुमत नाही. शेवटी वापरात नसलेल्या एका गोदामात बांबू, गोणपाट आणि माती-शेणाचा लेप यांचं पेव उभं केलं. ते जमिनीखाली नव्हतं, जमिनीवर होतं. वरचं तोंड म्हणजे माळ्याला पाडलेलं गोल भोक.

इथे माझं काम सुरू झालं, म्हणून थोडं रेंगाळतो. संपूर्ण पेवाला एकच दिवा दिला, वरच्या भोकातून सरळ खाली. हवेत थोडी हळदपूड आणि धूर सोडला की त्या झोताला अंग येतं, खांबासारखा उभा राहतो. बाजूंना काहीच उजेड नाही. भिंत कुठे संपते ते दिसत नाही, त्यामुळे जागा होती त्याच्या तिप्पट वाटते. स्वस्त चित्रपटाची पहिली खोड सगळं उजळून दाखवायची असते. सजावटीवर खर्च केला, तर ती दिसलीच पाहिजे असं वाटतं. उजेड जितका जास्त, तितकं प्लायवूड उघडं पडतं. कॉर्मनच्या कारखान्यात यानांच्या भिंतींना खाद्यपदार्थांच्या फोमच्या डब्या चिकटवून वर रंग मारत. कमी प्रकाशात त्या यंत्रासारख्या दिसतात, भर उजेडात डब्याच राहतात. आम्ही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या भंगारातून पंपांचे आणि व्हॉल्व्हचे तुकडे किलोवर आणले आणि तेही अर्धे अंधारातच ठेवले.

आवाजाचं उत्तर मिरजेत मिळालं. अंतराळपटातली खोल घरघर सगळेच एकमेकांकडून घेतात, इंटरनेटवर तयार मिळते, आणि प्रेक्षक तीही ओळखतो. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे लेखिकेची ओळख होती. त्यांच्याकडे अर्धवट झालेला तंबोरा होता. भोपळ्याला माईक लावून खर्जाची तार छेडली, तो आवाज संगणकावर चार पट संथ केला. पेवाच्या पोटातून जमीन श्वास घेते आहे असा तो नाद आला. मिरजेच्या या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचा असा वापर शहरात आधी कुणी केला असेल तर मला तो भेटायला आवडेल.

पण पन्नास मिनिटं खऱ्या अर्थानं धरून ठेवली ती एका आकड्यानं. विज्ञानपटाच्या शेवटाला उलटी मोजणी असते, स्फोटाला इतके सेकंद उरले वगैरे. पहिल्या संहितेतही ती होती. नव्या संहितेत लेखिकेनं तिथे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी ठेवली. टोळी येते त्याच रात्री नदी चढते आहे, आणि वायरलेसवरच्या बाई दर थोड्या वेळानं फक्त आकडा सांगतात. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस फुटांवर इशारा पातळी, पंचेचाळीसवर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत. ऑगस्ट 2019 मध्ये इथलं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नाट्यगृहात चित्रपट दाखवला तेव्हा पंचेचाळीसचा आकडा आला आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी शेजारणीचा हात धरला. पडद्यावर त्या वेळी फक्त एक रेडिओ आणि एक कंदील होता.

चाचणीफितीत प्रेक्षकांनी दुसऱ्याचा चित्रपट ओळखला आणि ते हसले, इथे त्यांनी स्वतःची रात्र ओळखली. माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच होता आणि तो फुकट होता. हौसेनं चित्रपट काढणाऱ्या मालेगावच्या मंडळींनी हे कधीच ओळखलं होतं. त्यांचा सुपरमॅन यंत्रमागांच्या गावात उडतो, त्या गावचाच वाटतो, म्हणूनच तो नुसती नक्कल राहत नाही. 2008 साली त्यावर निघालेला माहितीपट आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला होता.

आता जे जमलं नाही ते. मदत करणाऱ्या एका व्यापाऱ्याला चित्रपटात 'एकतरी यान' हवं होतं. तयार त्रिमित प्रतिकृती विकत घेऊन टोळीच्या आगमनाला एक उडतं वाहन घातलं गेलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं दृश्य, पण एकट्या त्यावर सगळ्या पेवापेक्षा जास्त पैसे गेले, आणि प्रेक्षागृहात पुन्हा तीच चुळबुळ झाली. टोळी होड्यांतून यायला हवी होती. पुराच्या दिवसांत सांगलीत होडीचा आवाज काय करतो हे कुणाला सांगावं लागत नाही. दिग्दर्शकाला हे पटत होतं, पण शब्द दिलेला होता. टोळीचा म्होरक्याही पातळच राहिला. त्याला बियाणं का हवं, हे एका ओळीतही नाही. कुरोसावाच्या लुटारूंविषयीही फारसं कळत नाही, असा बचाव दिग्दर्शकानं केला. पण तिथे साडेतीन तासांचा ऐवज आहे आणि सामुराय स्वतःच शेतकऱ्यांविषयी कडवट बोलतात. सांगाडा उचलताना त्यातला हा सल मागे राहिला.

हक्कांचा प्रश्न लेखिकेनंच काढला होता. "आपण गोष्ट घेतली म्हणजे चोरी झाली का?" सर्वोच्च न्यायालयाचा 1978 सालचा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल यावर आधाराचा मानला जातो. कल्पना, विषय, कथेचा ढाचा यांवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, त्यांची विशिष्ट मांडणी मात्र संरक्षित असते. पण ही रेषा पुसट आहे आणि ती ओलांडणाऱ्यांना महाग पडली आहे. कुरोसावाच्याच 1961 सालच्या 'योजिम्बो'वरून परवानगी न घेता 1964 मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' निघाला, तेव्हा जपानी निर्मात्यांनी दावा लावला आणि तडजोडीत जगभरच्या उत्पन्नाचा 15 टक्के हिस्सा मिळवला. 'जॉज'सारखा निघालेला इटालियन 'ग्रेट व्हाइट' 1982 साली अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतून न्यायालयाच्या आदेशानं उतरवावा लागला. आमच्या चित्रपटात गाव, माणसं, प्रसंग, संवाद, शेवट सगळं वेगळं आहे. तरीही वकील मित्राला संहिता वाचायला दिली, आणि जो कुणी हा मार्ग धरेल त्यानं ते करावंच.

नक्कल या गोष्टीची लाज वाटण्याचं सांगलीला तसं कारण नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ इथे झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसा खेळ मराठीत करायला सांगितलं, आणि 1843 साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. मराठी रंगभूमी आपला आरंभ तिथून मोजते. भाव्यांनी नमुना घेतला, पण प्रेक्षक, भाषा आणि पदं इथली ठेवली.

हिशेब सांगायचा तर पैसे परत आले नाहीत, ते येणारही नव्हते. तिकिटांतून गोदामाचं भाडं आणि जेवणाचा खर्च निघाला. कलाकारांनी मानधन घेतलं नाही, पण दिवे उचलणाऱ्या आणि पेव लिंपणाऱ्या माणसांची मजुरी रोजच्या रोज दिली, या एका गोष्टीवर गटानं तडजोड केली नाही. कॉर्मनकडे कमी पैशांत राबलेल्यांपैकी काहींचं पुढे सोनं झालं, ही गोष्ट सगळे सांगतात. सांगलीच्या मजुराला तसा पुढचा टप्पा नसतो, त्याला त्या दिवशीची हजेरीच लागते.

शेवटचा वाद श्रेयनामावलीवरून झाला. दिग्दर्शकाला कुरोसावाचं नाव अखेरीस, बारीक अक्षरांत हवं होतं. सुरुवातीलाच आलं तर लोक आधीच तुलना करायला बसतील, ही त्याची भीती खोटी नव्हती. लेखिका अडून बसली. मी तिच्या बाजूनं होतो: शिरस्त्राण चोरलं होतं तेव्हा ते लपवावं लागत होतं, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. बरीच रात्र बोलणं चाललं. अखेर कुरोसावाचं नाव पहिल्या पाटीवर गेलं, आणि त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, हरिपूरच्या पेवांमध्ये काम केलेल्या हमालांचे आभार.